दोनशे बारा सेकंद

खंडेराव मार्केटातून सकाळी पाव किलो भेंडी घेते,
कोवळी, शेंडा कट्‌कन मोडणारी.
भाजीवाली विचारते, "बेन, रोज भींडा?"
रोज.
घरी कुणी खात नाही हे तिला कशाला सांगू.

प्रयोगशाळेत चकत्या रात्रभर पाण्यात राहतात.
सकाळी ते पाणी पाणी उरत नाही.
काचकांडी उचलली की मागून तार येते,
टेबलापासून माझ्या चष्म्यापर्यंत,
आणि तुटायचं नाव घेत नाही.

गाळायचं, वाकड्या नळीत भरायचं,
वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत
उतरायला किती वेळ लागतो, तेवढंच मोजायचं.
पी-एच सहा : दोनशे बारा सेकंद.
मग लिंबातलं आम्ल, थेंब थेंब.
पी-एच चार : एकशे एकतीस.
तीच भेंडी, तेवढंच वजन, तीच पंचवीस अंशांची ऊब.
एक्याऐंशी सेकंद गेले कुठे?

आई म्हणायची, आमसूल टाक, तार मोडते.
दांडिया बाजारातल्या दोन खोल्यांत
तिला कुणी रसायनशास्त्र शिकवलं नव्हतं
तरी तिची भाजी कधी चिकट झाली नाही.
एक शब्द तेवढा चुकला, आई.
मोडत नाही ती.
मुडपते.

साखरेच्या कड्यांची साखळी.
कितीतरी कड्यांना एकेक हात,
आणि त्या प्रत्येक हातातून काहीतरी निसटलेलं,
सगळ्यांचं एकच.
म्हणून कुणाला कुणी शेजारी नको.
दवाखान्याच्या बाकावर एकाच दुखण्याची माणसं
मधे पिशवी ठेवून बसतात ना,
तशी ती लांबच लांब ताणून,
पाण्याला अडवत पडून राहते
आणि आपण म्हणतो, काय दाट आहे!

आम्ल काही हिसकावून घ्यायला येत नाही.
निसटलेलं परत आणतं, ज्याच्या त्याच्या हातावर ठेवतं.
मग दूर राहायला कारणच उरत नाही.
दूध प्यायलेलं मूल गुडघे पोटाशी घेतं
तशी साखळी स्वतःभोवती गोळा होते
आणि पाणी कडेनं निघून जातं, चपळ.

हे किरीटभाईंना सांगितलं.
"हेमलताबेन," ते म्हणाले,
"रिपोर्टमध्ये आलेख लावा. वार्ता नको."
लावला.

दुपारी उलट केलं.
कॉस्टिक सोडा, थेंब थेंब, पुन्हा सहापर्यंत.
श्वास धरून स्टॉपवॉच दाबलं.
एकशे अठ्ठ्याण्णव.
पुन्हा. एकशे सत्त्याण्णव.
पुन्हा. अठ्ठ्याण्णव.
उलगडते, पण पुरती नाही.
आम्ल आणि सोडा भेटले की थोडं मीठ तयार होतं,
ते मधे उभं राहतं.
कुणाची बाजू घेत नाही. गाळून निघत नाही.
नुसतं उभं.

परवा नवसारीहून आशालताचा फोन आला.
आईच्या पाटल्यांवरून
चार वर्षं बोललो नव्हतो.
हवा झाली, भाच्याची परीक्षा झाली,
तिच्या गुडघ्याचं झालं.
मग तिनं विचारलं,
"तुझी भेंडी आईसारखी होते का गं?"
म्हटलं, मी करतच नाही.
"मीही नाही," ती म्हणाली.

मग कुणीच काही बोललं नाही.
चौदा सेकंद.
मोजायची सवयच लागली आहे.

पाच वाजत आले.
नळी धुवायची राहिली आहे,
आत वाळलं तर निघत नाही.